डोळे मिटून पाहायचा खेळ

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, खेळण्यांची दुकाने या सगळ्या गर्दीत कुस्त्यांची दंगलही असते. आखाड्याभोवती माणसांचे कडे इतके दाट पडते की मागे उभ्या असलेल्याला पैलवानाचे डोकेही दिसत नाही. तरी तो जागचा हलत नाही. भोंग्यावरून निवेदक सांगत असतो, कोणी पट काढला, कोणी ढाक लावला, कोण खाली सापडला आणि कोणाची पाठ अजून लागलेली नाही. मागच्या माणसाला कुस्ती दिसत असते.

व्हिडिओ गेमवरच्या पॉडकास्टला नेमके हेच जमावे लागते. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिकार्यक्रम. गेमविषयीचे असे कार्यक्रम आता भरपूर आहेत आणि त्यातले बरेचसे पहिल्या दहा मिनिटांत बंद करावेसे वाटतात. दोघे-तिघे मित्र एकाच वेळी बोलतात, आवाज सारखेच, कोण कोणता ते कळत नाही. ‘तो इकडून आला ना, तेव्हा मी असा वळलो’ असे एक जण म्हणतो आणि बाकीचे हसतात. इकडून म्हणजे कुठून? बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खेळाचे चित्र असते, ऐकणाऱ्याकडे मात्र फक्त कान असतात.

मराठी कानाला न दिसणारा खेळ नवा नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी मैदान कधी पाहिलेलेही नसे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ असताना कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रीकरण उपलब्ध नाही, ती उरली ती शब्दांतच. चांगला समालोचक आधी जागा सांगतो, मग माणूस, मग हालचाल आणि थोड्या थोड्या वेळाने धावफलक. अधूनमधून स्थिती पुन्हा सांगणे हे पाल्हाळ नसते. माणसाच्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी चारच्या आसपास गोष्टी राहतात. पाचवी आली की एखादी निसटते, आणि छापील पानासारखे मागे वळून पाहण्याची सोय कानाला नाही.

शब्दांतून चित्र उभे राहते तेव्हा मेंदूत काय होते, याचा एक जुना आणि गमतीदार प्रयोग आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ली ब्रूक्स यांनी १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांनी ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर मनात आणायचे, त्याच्या कडेने मनातच फिरायचे आणि प्रत्येक कोपरा सर्वांत वर किंवा खाली आहे का, ते सांगायचे. तोंडाने ‘हो’, ‘नाही’ म्हणताना ते सहज जमले. तेच उत्तर कागदावरच्या खुणांवर बोट ठेवून देताना लोक स्पष्टपणे मंदावले. मनातले चित्र आणि डोळ्यांसमोरचे चित्र एकाच जागेसाठी भांडतात, असा त्याचा अर्थ.

म्हणूनच एक गेम खेळता खेळता दुसऱ्या गेमचे वर्णन ऐकले की दोन्हींचा विचका होतो. हात गुंतलेले पण डोळे बऱ्यापैकी मोकळे असतील, तेव्हा असा कार्यक्रम उत्तम. भाकरी थापताना, गोठा झाडताना, संध्याकाळी फिरताना तो ऐकावा. मोटारसायकलवर मात्र इअरफोन नकोच. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येत नाही ही एक अडचण, आणि डोळे रस्त्यावर असूनही मन गेमच्या नकाशात ही दुसरी.

आता कानाचे. लोह्याहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलेला विद्यार्थी इअरफोन लावतो. इंजिनाचा आणि खडखडणाऱ्या काचांचा आवाज झाकण्यासाठी तो आवाज वाढवतो. पॉडकास्टमध्ये एक जण पुटपुटतो, म्हणून आणखी वाढवतो. तेवढ्यात दुसरा माइकला तोंड लावून ओरडतो, किंवा मध्येच गोळीबाराची ध्वनिफीत येते. गेम खेळतानाही हेच घडते. शत्रूच्या पावलांची चाहूल लागावी म्हणून आवाज वाढवलेला असतो आणि त्याच आवाजात बंदूक कानाशी उडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. मुलांसाठी ही पातळी ७५. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात, १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ९ देशांतील १४ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. गेम खेळणाऱ्यांच्या कानी पडणारा आवाज बहुधा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा तिच्या वर असतो, असे त्यात आढळले. पुरावा अजून थोडा आहे, हेही संशोधकांनीच नोंदवले. कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणे ही पहिली सूचना, आणि तरुण पोरे ती डॉक्टरांना सोडाच, घरातही सांगत नाहीत.

यावर निर्मात्याच्या हाती एक साधा उपाय आहे. सगळे आवाज एका पातळीवर आणून मगच भाग प्रसिद्ध करायचा. त्यासाठी उणे १६ एलयूएफएस हे माप प्रचलित आहे आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही ते साधता येते. तेवढे केले की ऐकणाऱ्याला बटणाकडे बोट न्यावे लागत नाही. महागड्या माइकचे कौतुक बरेच होते, या अर्ध्या तासाच्या कामाचे कोणी करत नाही.

राहिला प्रश्न बोलायचे काय, याचा. अमुक टप्पा पार कसा करायचा हे व्हिडिओत अधिक चांगले कळते. गेम असा का बांधला, तो हातातून सुटू नये म्हणून त्यात काय पेरले आहे, हरल्यावर लगेच ‘आणखी एक डाव’ का वाटतो, हे बोलून समजावता येते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंग विकाराला जागा आहे. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. बहुतेक खेळणाऱ्यांना हा विकार नसतो. ‘पोरगं मोबाइलनं वाया गेलं’ म्हणणारे वडील आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा मुलगा, दोघांनाही ही तीन लक्षणे माहीत असलेली बरी. स्वतः रात्ररात्र खेळलेला सूत्रसंचालक ती सांगतो तेव्हा मुलगा ऐकतो. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही त्याच ओघात सांगून जाता येतो.

आणि जाहिरात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा संमत केला. त्याआधी रमीची शिफारस याच लाडक्या आवाजांतून कानात येत असे. कार्यक्रम कोणाच्या पैशावर चालतो, हे पहिल्या मिनिटात सांगणारा सूत्रसंचालक आजही विरळाच.

कार्यक्रम जमला आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. तो गेम कधीच न खेळलेल्या घरातल्या कोणाला तरी पाच मिनिटे ऐकवावा, आवाज अर्ध्यावर ठेवून, आणि मग विचारावे: कोण कुठे उभे होते?