व्हिडिओवर हात कसा पारखतात?

• एमएस सर्जरीचा प्रवेश बहुतेक ठिकाणी नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. हातांची परीक्षा नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही हाच नियम.

• हातांचे कौशल्य व्हिडिओवर पारखणाऱ्या दूरस्थ चाचणीत कॅमेरा फक्त हातांवर. नाव-चेहरा झाकलेला, म्हणून ओळख आड येत नाही. परीक्षक पाहतात: नीडल होल्डरने सुई कुठे धरली, चिमट्याने कातडी चिरडली का, दुसरी गाठ बसेपर्यंत पहिली सैल पडली का.

• ओसॅट्स: शस्त्रक्रियेचे कौशल्य मोजण्यासाठी टोरांटोत १९९०च्या दशकात तयार झालेली गुणपद्धत. ७ निकष, प्रत्येकी १ ते ५ गुण.

• व्हिडिओची मर्यादा मोठी: गाठ किती पक्की, हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.