‘आपलं घर’ कुणाच्या खात्यावर?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. बहुतेक जण उतरतात ते किल्ला पाहायला. बोरी नदीवरचा बांध, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. एका सहलीला एवढे पुरते. पण याच नळदुर्गला ‘आपलं घर’ आहे, आणि ते पाहायला सहसा कुणी थांबत नाही.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची खेडी झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारी-सास्तूर भागातली दगडमातीची जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मागे राहिलेल्या पोरक्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला हे घर उभे केले. पुढे इतर निराधार मुलेही तेथे आली.

योगायोग पाहा. त्याच वर्षी 24 एप्रिलला 73वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. पंचायतींकडे सोपवता येतील अशा 29 विषयांच्या यादीत आरोग्य, महिला व बालविकास, समाजकल्याण सगळे आहे. आपल्याला त्याचे नवल नव्हते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 पासून आपल्याकडे जिल्हा परिषदा आहेत. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडेच. मग आईबाप गेलेले मूल त्यांच्या दारात का जाऊ नये? शिकवायला गुरुजी होते, ताप आला तर डॉक्टर होते. रात्री अंगावर पांघरूण घालणारे मात्र कुणी नव्हते. बालगृहांचा कारभार राज्याच्या खात्याकडेच राहिला. जिल्हा परिषदेच्या हाती येणारा बहुतेक पैसाही कशावर खर्चायचा ते वर ठरूनच येतो. सत्ता जिल्ह्यापर्यंत आली खरी, पण थैलीची गाठ मुंबईतच राहिली.

या फटीत संस्था उभ्या राहतात. शेजारच्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्याच बायकांना उपचार शिकवून ‘भारतवैद्य’ केले. सरकारची ‘आशा’ गावात आली ती 2005 नंतर. भूकंपात तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीच्या वेळी तर शासनानेच ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागासाठी सल्लागार नेमले. संस्था कधी सरकारच्या पुढे चालते, कधी त्याच्या बरोबरीने.

मराठवाड्यासाठी म्हणून 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले. अनुशेष मोजणे, निधीच्या वाटपाबद्दल सुचवणे हे त्याचे काम. एखाद्या मुलाची शिफारस ते कुठून करणार? 2020 च्या एप्रिलअखेर त्याचीही मुदत संपली.

केरळात 1996 पासून योजनेच्या पैशाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. तेथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन सेवा होते, ती पंचायत आणि स्वयंसेवक मिळून करतात. देणगीदाराचे मन वळवायचे आणि अधिकाऱ्याचेही, अशी दुहेरी ओढाताण तेथे निदान कमी होत असावी.

आपल्याकडे भागीदारी जमत नाही असे थोडेच आहे! अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. आणि देव नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. बालगृहातल्या मुलाबद्दल कायदा काय सांगतो? 2015 च्या कायद्याने अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटते. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. पण मूल दिवाळीत कुठे जाते, लग्न ठरले की मांडवात कोणाला उभे करते, हे त्या कायद्यात नसते. तेव्हा ते नळदुर्गलाच पत्र लिहिणार, नाही तर थेट एसटीत बसून येणार.