निंदेकडून अभ्यासाकडे

डोळ्यांना दिसते, हाताला लागते तेवढेच खरे. ईश्वर, आत्मा, परलोक या माणसाच्या कल्पना. आपल्याकडे हा विचार चार्वाकाच्या नावाने ओळखला जातो. अरबीत असे मानणाऱ्यांना ‘दहरी’ म्हणतात. ‘दहर’ म्हणजे काळ. काळच सर्वांना संपवतो, त्यामागे कोणी कर्ता नाही, असे म्हणणारे ते दहरी. मध्ययुगात गझालींसारख्या पंडितांनी त्यांचा समाचार घेतला होता. परंतु एकोणिसाव्या शतकात हाच विचार डार्विनचे नाव घेऊन युरोपातून आला, तेव्हा जुनी उत्तरे अपुरी पडू लागली.

नव्या उत्तरांपैकी एक गाजलेले पुस्तक लिहिले गेले ते हैदराबादेत. आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत. १८७९ मध्ये इजिप्तमधून हद्दपार झालेले जमालुद्दीन अफगाणी तेथे येऊन राहिले होते. ‘हे नेचरी म्हणजे कोण?’ असे एका शिक्षकाने त्यांना पत्राने विचारले. ‘नेचर’ या इंग्रजी शब्दावरून पडलेले हे नाव अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांच्या अनुयायांना उद्देशून वापरले जाई. ईश्वराचे वचन आणि ईश्वराची सृष्टी यांत विरोध असू शकत नाही, असे सर सय्यद म्हणत. ते नास्तिक नव्हते. पण अफगाणींनी १८८१ च्या आपल्या फारसी पुस्तिकेत त्यांच्या पंथाला जडवाद्यांच्याच पंगतीला बसवले.

त्यात डार्विनची थट्टा आहे: या न्यायाने काही शतकांत डासाचा हत्तीही होईल! डार्विनने असे काही म्हटले नव्हते, हे उघड आहे. परंतु थट्टेखालची चिंता खरी होती. मरणानंतर जाब द्यायचाच नसेल, तर लाज, विश्वासूपणा आणि खरेपणा टिकणार कशाच्या आधारावर? आणि हे गुण गेले तर परक्या सत्तेपुढे समाज उभा राहणार कसा? मात्र १८८३ मध्ये पॅरिसमध्ये अर्नेस्ट रेनाँला उत्तर देताना याच अफगाणींनी, धर्माने, अगदी इस्लामनेही, ज्ञानाची वाट अडवल्याचे मान्य केले. त्यांचे खरे मत कोणते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

त्याच दशकात त्रिपोलीचे (आताच्या लेबनॉनमधील) शेख हुसेन अल-जिस्र यांनी निराळी वाट धरली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उत्क्रांती अजून निर्विवाद सिद्ध झालेली नाही, पण उद्या झाली, तर धर्मवचनांचा अर्थ त्यानुसार लावता येईल. सृष्टी कोणत्याही रीतीने घडली, तरी घडवणारा ईश्वरच. येथे चेष्टा नाही. पुराव्याला दार उघडे ठेवलेले आहे.

तिसरा टप्पा इराकमधल्या नजफचा. १९५८ च्या क्रांतीनंतर तेथील तरुण मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळू लागले. पुढच्याच वर्षी मुहम्मद बाकिर अस-सद्र या चोवीस-पंचवीस वर्षांच्या धर्मपंडिताने ‘फलसफतुना’, म्हणजे ‘आमचे तत्त्वज्ञान’, हा ग्रंथ लिहिला. त्यात मार्क्सवादाची मांडणी आधी समजावून दिली आहे, मग खंडन. प्रयोगातून नियम काढताना कार्यकारणभाव आपण गृहीत धरतो, तो प्रयोगाने सिद्ध होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःचीच भूमिका पुन्हा तपासली. संभाव्यतेच्या गणिताच्या आधाराने त्यांनी दाखवू पाहिले की विज्ञानाचे अनुमान आणि ईश्वराविषयीचे अनुमान यांचा तार्किक पाया एकच आहे. १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने त्यांना ठार केले.

याने जडवादी निरुत्तर झाले असे नाही. वाद चालूच आहे. पण डासाच्या हत्तीपासून संभाव्यतेच्या गणितापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ‘देव आहे कशावरून?’ असे विचारले, तर वडीलधाऱ्यांपुढेही याच वाटा असतात: थट्टा करावी, दार उघडे ठेवावे, किंवा तो वाचतो ती पुस्तके आपणही उघडावीत. पहिली सर्वांत सोपी खरी. पण थट्टेने मूल गप्प होते, त्याचा प्रश्न नाही.