गेरूचं हिरवं भावंड

अरे, त्या खडीच्या ढिगावर नुसता चढू नकोस, एक दगड उचल आणि नीट बघ. आपल्या मार्गासनीचा कातळ वरून काळाकुट्ट, पण फोडला की आत वाटाण्याएवढी भोकं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना वायूचे बुडबुडे त्यात अडकले, त्यांची ही घरं. पुढे झिरपत्या पाण्यानं ती भरली. कुठे पांढरे स्फटिक, तर कुठे आतून हिरवा लेप. तो लेप म्हणजे सेलॅडोनाइट. इतका मऊ, की नखानं खरवडलास तर भुकटी निघेल.

अजिंठ्याची लेणी अशाच कातळात कोरलेली. तिथल्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा; लाल-पिवळाही मातीचाच. निळा तेवढा लांबचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा! चितारी ही पूड डिंक-सरसात कालवून सुक्या गिलाव्यावर लावत.

आता गंमत ऐक. या हिरव्यात लोखंड आहे आणि आजी वृंदावनाला लावते त्या गेरूतही लोखंडच. मग रंग वेगळे का? गेरूतलं लोखंड प्राणवायू पोटभर जेवलेलं. हिरव्यात मात्र काही पोटभर जेवलेलं, काही अर्धपोटी, आणि दोघं शेजारी शेजारी बसलेले. पिवळ्या मातीची गोष्ट निराळी. तिच्यात पाणी बांधलेलं असतं. ती भाजली की पाणी उडतं आणि माती लाल होते. आजीच्या तव्यावर मात्र हा प्रयोग करू नकोस, मला बोलणी बसतील.

काचेलाही हेच लोखंड छळतं. लोकमान्यांच्या काळात अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पण काच बनते वाळूची आणि वाळूत चिमूटभर तरी लोखंड असतंच. भट्टीत ते अर्धपोटी राहिलं, की काचेवर हिरवट झाक येते. बाटलीच्या जाड बुडाशी ती ठळक दिसते. यावर काचकारांचा फार जुना तोडगा म्हणजे काळं मँगनीज डायऑक्साइड, आपल्या भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघतं ते. ते लोखंडाला प्राणवायू वाढतं. हिरवट झाक जाऊन फिकट पिवळी उरते आणि मँगनीजची स्वतःची जांभळी छटा तीही झाकून टाकते. हात सैल सुटला, तर सगळी काचच जांभळी! इजिप्तचे कारागीर तीन हजार वर्षांपूर्वी तशी मुद्दाम करत.