संत्र्याची साल, सीरम आणि सुरकुत्या

वर्धा जिल्ह्यातला कारंजा (घाडगे) तालुका संत्र्यांचा. संत्र्याची वाळवलेली साल कुटून, दुधात कालवून चेहऱ्याला लावण्याची रीत जुनी आहे. त्याने त्वचा मऊ वाटते, पण सुरकुत्या जात नाहीत. कारण सालीतले क जीवनसत्त्व त्वचेत मुरायला १० ते २० टक्के प्रमाण आणि ३.५ पेक्षा कमी सामू लागतो. ऊन-हवेने ते नासते. म्हणूनच तपकिरी पडलेले क जीवनसत्त्वाचे सीरम निकामी समजावे.

सुरकुत्यांवरच्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा. अ जीवनसत्त्वाचे हे रूप त्वचेतले कोलॅजन वाढवते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे, गरोदरपणात टाळावे.

अकाली सुरकुत्यांचे मोठे कारण ऊन. ऑस्ट्रेलियातल्या २०१३च्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी आढळले. विदर्भाच्या उन्हात दुपट्टा आणि सनस्क्रीन हाच पहिला उपाय.