ओसरीवरचा अतिथी

गतवर्षी श्रावणात, आंबोली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या मौजे पारपोली, तालुका सावंतवाडी येथे मुक्कामास असता, पहाटे यजमानांच्या ओसरीच्या भिंतीवर वीतभर तांबूस पंख पसरून जे काही निश्चल बसले होते, ते प्रथमदर्शनी मला टांगलेले चित्रच वाटले.

तो ॲटलास पतंग होता! पंखांच्या टोकांवरील सर्पमुखासारखी आकृती ही त्याची ओळख.

विशेष असे की, प्रौढावस्थेत कार्यक्षम मुखावयवच नसल्यामुळे तो काहीही खात नाही. सुरवंट असताना साठविलेल्या शिदोरीवर, अवघ्या काही दिवसांत जोडीदार शोधून तो आपला संसार आटोपतो.

तेव्हा खरे रक्षण करावयाचे ते पंखांचे नव्हे, तर सुरवंटाला पोसणाऱ्या झाडाचे. २०१५ साली राज्य फुलपाखराचा बहुमान लाभलेल्या नीलवंताचे, म्हणजे ब्लू मॉरमॉनचे, उदाहरण घ्या: त्याची मादी लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते, आणि रानातले माकडलिंबू निरुपयोगी झुडूप समजून तोडले, की पुढील पिढीचा निवाराच नाहीसा होतो.

‘फुलपाखरांचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारपोलीत हे मर्म लोकांस उमगले आहे. कुंपण साफ करण्यापूर्वी यजमान पाने उलटून पाहतात. सुरवंट आढळल्यास कोयता म्यान!

आपल्या परसात कोणते पतंग येतात? छायाचित्र अवश्य पाठवा. शंका असल्यास निःसंकोच विचारा, यथामती उत्तर देईन.