धान्याची रास आणि हातभर सुतळी

पिंपळनेरच्या एखाद्या खळ्यावर मक्याची रास पडताना पाहा. ढीग वाढत जातो, पण उतार तसाच राहतो. टोक जरा जास्त उभं झालं की वरचे दाणे घरंगळतात आणि रास रुंदावते. घेर वाढतो तशी उंचीही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणजे नुसता घेर मोजला तरी उंची कळते! ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी याचा ठोकताळाच दिलाय. जाड धान्याच्या राशीची उंची घेराचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. साळीची कुसळं एकमेकांत अडकतात, दाणे लवकर घसरत नाहीत, म्हणून ती रास उंच. आता राशीच्या घनफळासाठी घेराचा सहावा भाग घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग उंचीने गुणा. मक्याच्या राशीचा घेर ३० हात असेल तर पाचा पाचा पंचवीस, उंची ३ हात, म्हणजे ७५ घनहात. उत्तर सुमारे ५ टक्के जास्त येतं. अंदाजाला तेवढं चालतं. रास भिंतीला टेकलेली असेल तर? घेर दुप्पट धरा आणि उत्तर निम्मं करा.

भास्कराचार्यांचा धागा खानदेशाशीही जुळतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. खानदेशातल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असायला हवं.

गणिताच्या शिक्षकांनो, शंकूचं घनफळ शिकवाल त्या दिवशी वर्ग खळ्यावर न्या. सोबत सुतळी तेवढी घ्या.